यादी भाग ११४

माझ्याकडं आठशे एकेचाळीस नावं आहेत.
बावीस वर्षं त्यांच्या चिठ्ठ्या मीच वाटतो.
कोण नांदायला गेली, कुणाचं पोरगं गलाईला कोइमतूरला असतं,
कोण मेलंय पण यादीत अजून जिवंत आहे,
हे तलाठ्याच्या आधी मला कळतं.

भाद्रपदात विट्याच्या मंगल कार्यालयात
पक्षानं पहिल्यांदाच आम्हा बूथवाल्यांना विचारलं:
जिल्हा परिषदेला उमेदवार कोण, तुम्हीच ठरवा.
स्टीलचा डबा, झाकणाला चीर पाडलेली,
माणसं दोनशे, पेनं तीन.
मंदाकिनी लोखंडे पाण्यावर बोलली.
टाकी, व्हॉल्व्ह, कुठल्या गल्लीत किती मिनिटं.
अप्पा बोललेच नाहीत.
दारात उभं राहून एकेकाचा हात दोन्ही हातांत घेत होते.
मला म्हणाले, "आईचा डोळा कसाय आता?"
मी अप्पा लिहिलं.

नऊ मतांनी अप्पा.
मंदाकिनीनं त्यांना हार घातला,
ढिगातून आपली चप्पल शोधली
आणि साडेपाचच्या एसटीनं गेली.

दिवाळी सरली आणि अप्पा पलीकडं गेले.
मला मोबाईलवर दिसलं.
गळ्यात नवा रंग,
हात जोडायची पद्धत तीच.
रात्री फोन आला: "चिन्ह बदललंय, माणूस तोच हाय.
तेवढं घरोघर सांग."

सांगायला निघालो.

इलाही तांबोळी पान लावत होता.
"म्हंजे मागल्या खेपेला ज्यांनी आमची डोकी फोडली
ते आता आपलंच?"
मी हो म्हणालो.
त्यानं चुना जरा जास्तच लावला.

डोईफोडे मागावर होता, त्या खडखडाटात
नुसती मान हलवत राहिला.
मग धागा तुटला, माग थांबला.
"काय म्हणत हुतास?"
पुन्हा तेच सांगायला जीभ उचलेना.
मी म्हणालो, काही नाही, चिठ्ठी घे.

हौसाक्काला वाचता येत नाही,
आता धड दिसतही नाही.
दर निवडणुकीला मी परातीत पीठ पसरतो,
त्यात बोटानं खळगे पाडतो:
हे पहिलं बटण, हे दुसरं, हे आपलं.
तिच्या फडताळात प्रचारातल्या दोन बश्या आहेत अजून,
कप फुटले.
"आक्का, आता कपबशी नाही. अप्पांचं चिन्ह कपाट."
उरलेल्या चार दातांनी ती हसली.
"कपबशी कपाटात गेली म्हण की.
मग आता च्या कशात प्यायचा?"

जुन्या पक्षानं तिकीट मंदाकिनीला दिलं.
दुसरं होतंच कोण.
ती माझ्या दारात आली, संध्याकाळी, एकटीच.
मत मागितलं नाही.
म्हणाली, मेलेल्यांची नावं तेवढी सांग,
त्यांच्या दारात उगाच जायला नको.
मी अकरा नावं सांगितली, तिनं हातावर लिहून घेतली.
जाताना उंबऱ्यावर थांबली.
"डब्यातल्या चिठ्ठ्या माझ्यासमोर मोजल्या रे.
अप्पामधला प्प तू वेगळाच काढतोस.
बावीस वर्षं तुझ्या हातच्या चिठ्ठ्या घेत आलेय मी."
रागानं नव्हे. हवापाणी सांगावं तसं.

मला म्हणायचं होतं, अगं, त्या दिवशी पक्ष एकच होता.
तोवर ती गल्ली वळून गेली.

मतदानाच्या आदल्या दिवशी हौसाक्कानं परात पुढं ठेवली.
पीठही तिनंच ओतलं.
मी ते तळहातानं सपाट केलं,
नावं वाचून दाखवली, चिन्हं सांगितली,
एका दमात, कुठंही न थांबता,
खळगे पाडले, सगळे सारखेच खोल.
"आपलं कंचं?"
येरळेपलीकडच्या रस्त्यानं प्रचाराची शेवटची गाडी
भोंगा बंद करून चालली होती.

तिनं थोडा वेळ वाट पाहिली.
मग स्वतःच बोट फिरवलं, एका जागी रोवलं
आणि म्हणाली, "बघ, बरोबर हाय का."

मी चष्मा काढला होता.
सदऱ्याच्या टोकानं काचा पुसत राहिलो.